दृष्टी जपणे हीसुद्धा शाळेची जबाबदारी

निवासी शाळेत मूल दाखल होते तेव्हा त्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि मागील इयत्तेचे गुणपत्रक काळजीपूर्वक पाहिले जाते. त्याला फळ्यावरचे अक्षर दिसते की नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. आमच्या मते ही तपासणी प्रवेशाच्या कागदपत्रांइतकीच अनिवार्य असावी. स्मरणिकेच्या निमित्ताने हा विचार आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

अंधत्व म्हणजे संपूर्ण काळोख, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकशास्त्राची व्याख्या वेगळी आहे. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून वाचता येणारे अक्षर ज्याला त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याने, चष्मा असल्यास तो लावूनही, ३ मीटरवरून वाचता येत नाही, तो अंध समजला जातो. भारतात २०१७ पासून ही व्याख्या स्वीकारली आहे. निरोगी दृष्टी आणि हे अंधत्व यांच्यामध्ये दृष्टिदोषाच्या अनेक पायऱ्या आहेत आणि आपली कितीतरी मुले त्यांपैकी एखाद्या पायरीवर नकळत उभी असतात.

जन्मापासून धूसर दिसणारे मूल तक्रार करीत नाही, कारण सर्वांना असेच दिसते असे त्याला वाटते. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि हळूहळू ‘मठ्ठ’ ठरते. साध्या चष्म्याने सुटणारा प्रश्न अशा रीतीने त्याचे शिक्षण हिरावून घेतो. एका डोळ्याचा दोष किंवा तिरळेपणा लहान वयात उपचारांविना राहिला, तर तो डोळा कायमचा मंद होऊ शकतो. साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत उपचारांचा सर्वाधिक लाभ होतो. तिरळेपणा भाग्याचा मानून थांबणे म्हणजे हा मोलाचा काळ गमावणे होय. वसतिगृहातील मुलाच्या या सवयी आईवडिलांच्या नजरेस पडत नाहीत. म्हणून शिक्षक आणि अधीक्षक यांची जबाबदारी दुप्पट होते.

घरातही बरेच टाळता येण्यासारखे आहे. जीवनसत्त्व अ च्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळ कायमचे खराब होऊ शकते. बालकाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे ९ डोस द्यावयाचे असतात. शेवग्याचा पाला, पालेभाज्या, गाजर, पपई यांतूनही ते मिळते. तंबाखूसोबतची चुन्याची डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यात गेलाच तर त्याच क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. उसाचे किंवा ज्वारीचे पाते लागून झालेल्या जखमेत मध अथवा झाडपाल्याचा रस घालू नये. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

वडीलधाऱ्यांची स्थितीही विचार करावयास लावणारी आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा होता, आणि मोतीबिंदू तर शस्त्रक्रियेने दूर होतो. मधुमेह मात्र दृष्टिपटलाला हळूहळू इजा करतो आणि बराच काळ त्याचा पत्ताच लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण झाली होती. मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा.

आजही गावोगावी अंधत्वाचे खापर गतजन्मीच्या पापावर फोडले जाते. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे ज्या शाळेत शिकविले जाते, त्या शाळेच्या परिवाराने तरी असे बोलणे ऐकून घेऊ नये.

म्हणून आमची सूचना अशी : प्रवेशानंतर पहिल्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची नेत्रतपासणी व्हावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. तिचा पाठपुरावा शाळेने करावा. चष्म्यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. मुलीला चष्मा लागला तर लग्नाच्या चिंतेने पालकांनी तो लपवू नये. ज्यांची दृष्टी उपचारांनीही परत येणार नाही, त्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणाचा अधिकार दिला आहे. त्यांच्यासाठी ब्रेल आणि ध्वनिपुस्तके शाळेत असावीत. मरणोत्तर नेत्रदानाचा निर्णय आपण आजच घरच्यांना सांगून ठेवावा, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात.

पुढील स्मरणिकेत शाळेच्या निकालासोबत, किती मुलांचे डोळे तपासले आणि किती जणांना चष्मे मिळाले, हा आकडाही छापला जावा, अशी आमची अपेक्षा आहे.