मुदपाकखान्यातील साधक

आज नाताळ. काल मध्यरात्री वसईच्या गावागावांतून, मुंबईच्या वांद्रे-माहीमच्या वस्त्यांतून आणि गोव्याच्या चर्चमधून उपासनेच्या घंटा घुमल्या. दारोदार कागदी चांदण्या लागल्या आहेत, गव्हाणीचे देखावे सजले आहेत. आणि शेजारधर्माला जागून आज पुष्कळ हिंदू घरांतही केक व नेवऱ्यांची ताटे पोहोचतील. सणाचा हा आनंद खरा आहे, यात शंका नाही. परंतु सण उलटताच तो ओसरू लागतो, हा अनुभवही सर्वधर्मीयांचा आहे. चांदणी उतरते, पाहुणे परततात आणि मागे उरतात ती खरकटी भांडी, दुसऱ्या दिवसाची कामे आणि नेहमीच्या विवंचना. या नेहमीच्या दिवसांत टिकेल असे सुख धर्म माणसाला देऊ शकतो काय, हा प्रश्न म्हणूनच सणाच्या दिवशी विचारणे अप्रस्तुत ठरू नये. ख्रिस्ती परंपरेत त्याचे एक उत्तर एका आचाऱ्याने आपल्या आयुष्याने दिले आहे. ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आज वाटते.

हा आचारी सतराव्या शतकातील फ्रान्सचा. निकोला एर्मां हे त्याचे मूळ नाव. सुमारे १६१४ साली लोरेन प्रांतातील एका खेड्यात तो जन्मला. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, पाने झडून गेलेले एक झाड त्याच्या दृष्टीस पडले. काही काळाने याच सुक्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुले आणि फळे येतील, या विचाराने ईश्वराच्या सामर्थ्याची जी खूण त्याच्या मनावर उमटली, ती पुढे कधीच पुसली गेली नाही. तथापि आयुष्य काही त्यामुळे सुखाचे झाले नाही. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. त्यात त्याने शिपाईगिरी केली, तो जखमी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. नंतर एका बड्या घरी तो चाकरीला होता. आपण तेथे धांदरटपणे हाती येईल ते फोडत असू, असे पुढे तो स्वतःच सांगे. १६४० मध्ये पॅरिस येथील कार्मेल पंथाच्या मठात तो दाखल झाला आणि ‘ब्रदर लॉरेन्स’ झाला. मठात विद्वान धर्मगुरू होते. लॉरेन्स त्यांच्यापैकी नव्हता. अंगमेहनतीची कामे करणारा तो एक साधा बंधू होता. त्याच्या वाट्याला मुदपाकखाना आला.

स्वयंपाकाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते काम केले. एकदा मठासाठी वाइन खरेदी करण्यास त्याला बर्गंडी प्रांतात पाठविण्यात आले. व्यवहारात तो अडाणी आणि पायाने अधू; नावेत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवर अंग लोटत सरकावे लागे. काम देवाचेच आहे, एवढे त्याने मनाशी म्हटले आणि ते नीट पार पडले. वय झाल्यावर त्याला मठवासीयांच्या चपला सांधण्याचे काम मिळाले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला. त्याच्या जीवनात दुसरी मोठी घटना नाही. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली आणि त्याची काही पत्रे जमविली. त्याच्या मृत्यूनंतर ती प्रसिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ जगभरच्या ख्रिस्ती घरांत, कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट असा भेद न राखता, ती वाचली जात आहेत.

त्याची साधना काय होती? काम हाती घेण्यापूर्वी देवाशी मनातल्या मनात दोन शब्द बोलावयाचे. काम चालू असतानाही मधूनमधून त्याच्याकडे वळावयाचे. काम संपले की आभार मानावयाचे. कढईतला पदार्थ उलटायचा तो त्याच्या प्रेमाखातर. जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्या प्रेमाखातर. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला अंतर उरले नव्हते. स्वयंपाकघरातील गलबल्यात, एकाच वेळी चार जण चार वस्तू मागत असतानाही, वेदीपुढे गुडघे टेकल्यावर लाभावी तशी शांती त्याला लाभे.

ही शांती त्याला सहजी मिळाली नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. मठातील पहिली सुमारे दहा वर्षे त्याने मोठ्या क्लेशात काढली. आपली पापे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसत. आपला उद्धार होणार नाही, या भयाने त्याला ग्रासले होते. अखेरीस, हे दुःख जन्मभर पुरणार असेल तर पुरो, देवावर प्रेम करणे आपण सोडणार नाही, असे त्याने ठरविले. आणि सुखाची मागणी सोडून दिल्यावर सुख आपसूक त्याच्याकडे आले.

हे वाचताना आमच्या वाचकांस जनाबाईचे जाते आणि सावता माळ्याचा मळा आठवल्यावाचून राहणार नाही. गीतेतील निष्काम कर्माचे स्मरणही होईल. हे साम्य आनंददायक आहे. परंतु सगळे एकच, असे म्हणून मोकळे होण्याने लॉरेन्सला न्याय मिळणार नाही. त्याच्या समाधानाचा पाया ख्रिस्ती श्रद्धेचा आहे आणि ती श्रद्धा अशी : माणूस देवाचा शोध घेऊ लागण्यापूर्वीच देवाने ख्रिस्ताच्या रूपाने त्याच्यावर प्रेम केले आहे; क्षमा ही मिळवावयाची गोष्ट नसून स्वीकारावयाची आहे. म्हणून चूक घडली की लॉरेन्स ती देवापाशी कबूल करी, मला माझ्यावर सोडलेस तर मी असाच वागणार, असे सांगे आणि पुन्हा कामाला लागे. चुकीचे ओझे तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाहून नेत नसे. त्याच्या सुखाचे रहस्य बहुतांशी येथे आहे. या श्रद्धेला मराठी भक्तीची वाणी देण्याचे कार्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी तुकोबांचे ऋण मानले आणि ख्रिस्तभक्ती अभंगांतून व कीर्तनांतून गायिली.

येथे एक धोका सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कामात देव पाहावा, हा उपदेश काम न करणाराच काम करणाऱ्याला फार सहज करतो. नाताळ असो वा दिवाळी, सणाचा भार बहुतेक घरांत स्वयंपाकघरातच पडतो. बाकीचे पूजा-प्रार्थना आटोपून पानावर येऊन बसतात. चुलीपुढे घामाघूम झालेल्या गृहिणीला वा मोलकरणीला ‘यातच देव मान’ असे सांगणे ही भक्ती नव्हे. लॉरेन्सने हा नियम स्वतःला लावला, दुसऱ्यावर लादला नाही. बायबलातील मार्था आणि मरीया या बहिणींची कथा प्रसिद्ध आहे. मार्था पाहुणचाराच्या कामाने त्रासून जाते, मरीया येशूच्या चरणांशी ऐकत बसते आणि येशू मरीयेची निवड उचलून धरतो. पण ज्या घरात मार्थेलाही बसावयास मिळावे असे वाटत असेल, तेथे दोन हात अधिक कामाला लागले पाहिजेत. देवाच्या प्रेमाने काडी उचलावयाची, तर ती दुसऱ्याच्या वाट्याची उचलावी, यातच लॉरेन्सच्या शिकवणीचे सार्थक आहे.

ज्याचा जन्म आज साजरा होत आहे तो बेथलेहेमच्या गोठ्यात, गव्हाणीत निजला. आणि त्याच्या जन्माची वार्ता पहिल्याने पोहोचली ती रात्रीच्या थंडीत कळपांची राखण करणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे कामावर असलेल्या माणसांना. पुढे तो नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढला. तेव्हा नित्याच्या कामाला देवाचा स्पर्श व्हावा, यात ख्रिस्ती श्रद्धेला नवल नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा देताना आमची एवढीच प्रार्थना आहे की, चांदणी उतरल्यानंतरच्या दिवसांतही त्यांच्या घरी हा आनंद नांदो. आणि देवघराइतकेच स्वयंपाकघरही आमच्या सर्वांच्या घरी पवित्र मानले जावो.