खोट्या पत्रांचा भुर्दंड

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यूअर्कच्या विमानतळावर एक महिला प्रवासी मोर घेऊन दाखल झाली. मोरासाठी स्वतंत्र आसनाचे तिकीट काढलेले होते आणि हा पक्षी आपल्या भावनिक आधारासाठी आवश्यक आहे, असे तिचे म्हणणे होते. युनायटेड एअरलाइन्सने मोराला विमानात घेण्यास नकार दिला. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि लोकांची चांगलीच करमणूक झाली. सरस्वतीचे वाहन म्हणून मोराला ओळखणाऱ्या मराठी वाचकाला तर वाहनानेच वाहनात जागा मागावी, याची अधिकच गंमत वाटावी.

परंतु या करमणुकीत एक गोष्ट झाकली गेली. मोराच्या मालकिणीने ज्या नियमाचा आधार घेतला, तो नियम लहरी श्रीमंतांसाठी झालेला नव्हता. अंध, कर्णबधिर आणि अपंग नागरिकांनी अनेक वर्षे झगडून मिळविलेल्या हक्काची ती एक पुढची फांदी होती. आणि फांदीवर भलतेच ओझे पडले म्हणजे हादरा मुळापर्यंत पोचतो.

अंधांना वाट दाखविणाऱ्या श्वानांचे पद्धतशीर शिक्षण पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाले. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा प्रश्न तेथे बिकट झाला होता आणि १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे अशा श्वानांची शाळा निघाली. अमेरिकेत ही कल्पना रुजली ती १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘द सीइंग आय’ या संस्थेमुळे. असा एक श्वान तयार करण्यास दीर्घकाळ लागतो आणि हजारो डॉलर खर्च येतो. समोरून वाहन येत असता मालकाने ‘चल’ म्हटले तरी न हलणे, म्हणजे योग्य वेळी आज्ञाभंग करणे, हेही त्याला शिकवावे लागते. ही संस्था विद्यार्थ्याकडून पहिल्या श्वानासाठी नाममात्र दीडशे डॉलर घेते. बाकीचा भार देणगीदार उचलतात. येथे भूतदयेचा किंवा हौसेचा प्रश्न नाही. अंधाच्या हातातील पट्ट्याला बांधलेला हा प्राणी म्हणजे त्याचे डोळेच होत.

हे डोळे घेऊन उपाहारगृहात, दुकानात वा विमानात जाण्याचा हक्क मात्र आपोआप मिळाला नाही. अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारा जुना कायदा खाजगी विमान कंपन्यांना सरसकट लागू होत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला. त्यावर अपंग माजी सैनिकांच्या संघटनांनी आवाज उठविला आणि त्याच वर्षी काँग्रेसने विमान प्रवासापुरता स्वतंत्र कायदा संमत केला. पुढे १९९० मध्ये सार्वजनिक स्थळांसाठी अपंगांचा व्यापक कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. श्वानाची गरज उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? प्रमाणपत्र मागता येत नाही, आजाराची चौकशी करता येत नाही, श्वानाला करामत करून दाखवायला सांगता येत नाही.

वरवर पाहता ही ढिलाई वाटेल. प्रत्यक्षात ती विचारपूर्वक केलेली होती. दर दारात कागद दाखवून प्रवेश मागणे ही मानहानी असते, हे ज्याला रोज वीस दारे ओलांडायची आहेत त्यालाच कळते. सरकारी कचेरीत उभ्या उभ्या दाखले गोळा करण्याचा अनुभव असलेल्या आपल्याकडील मध्यमवर्गालाही हे समजण्यास जड जाऊ नये. कायद्याने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण पडताळणीचा खर्च अपंगांवर टाकणे त्याला अन्यायाचे वाटले.

विमान प्रवासाच्या नियमांत याच्या पुढे एक पाऊल टाकले गेले. केवळ सहवासाने मनाला धीर देणारा प्राणी, त्याला कोणतेही विशिष्ट काम शिकविलेले नसले तरी, विमानात विनाशुल्क नेता येईल, असे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने मान्य केले. दुकाने आणि उपाहारगृहे यांच्यासंबंधीच्या नियमांत ही मुभा कधीच नव्हती. २०११ पासून तर तेथे सेवेचा प्राणी म्हणजे श्वानच, आणि काही अटींवर लहान जातीचा घोडा, असे स्पष्ट करण्यात आले. विमानात मात्र मानसोपचाराचा परवाना असलेल्या व्यक्तीचे वर्षाच्या आतील पत्र दाखविले की काम भागत असे.

आता अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातील विद्यार्थीही पुढचे भाकीत करू शकेल. हौसेने पाळलेला कुत्रा सोबत न्यायचा तर एका बाजूच्या प्रवासाला शंभर ते सव्वाशे डॉलर शुल्क. तोच कुत्रा ‘आधाराचा’ म्हटला की शुल्क शून्य, शिवाय त्याला पेटीत कोंडण्याचीही गरज नाही. एकाच वस्तूच्या अशा दोन किमती असल्या आणि दोहोंमध्ये केवळ एका पत्राची भिंत असली, तर त्या पत्राचा बाजार उभा राहणे अटळ असते. तो राहिलाही. काही मिनिटांची प्रश्नावली भरून, रुग्णाला न पाहताच पत्रे देणारे व्यावसायिक निघाले. कायद्यात ज्यांना काडीचाही आधार नाही अशी ओळखपत्रे, ‘राष्ट्रीय नोंदणी’चे दाखले आणि कुत्र्याच्या अंगावर चढवायचे जाकीटही विकले जाऊ लागले.

अमेरिकी विमान कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार आधारप्राण्यांची संख्या २०१६ मध्ये ४ लाख ८१ हजार होती, ती २०१७ मध्ये ७ लाख ५१ हजारांवर गेली. माणसांच्या मनोव्याधी एका वर्षात दीडपटीने वाढत नाहीत. डेल्टा कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये असे सांगितले की, चावणे, घाण करणे इत्यादी प्रकारांत २०१६ पासून ८४ टक्क्यांनी वाढ झाली आहे. हे आकडे ज्यांचे शुल्क बुडत होते त्यांनीच दिलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. तथापि जून २०१७ मध्ये अटलांटाहून सॅन दिएगोला निघालेल्या विमानात शेजारच्या आसनावरील आधाराच्या कुत्र्याने एका प्रवाशाचा चेहरा फाडला, ही घटना आकड्यांच्या खेळातली नव्हे.

पत्रे विकत घेणारे सगळेच लबाड होते, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. जनावराला विमानाच्या पोटातील सामानघरात टाकण्याची भीती अनाठायी नव्हती. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत २०१७ या एका वर्षात २४ प्राणी दगावल्याची नोंद सरकारदरबारी झाली. त्यांपैकी १८ एकट्या युनायटेडच्या वाहतुकीत. मार्च २०१८ मध्ये तर रीतसर शुल्क भरून केबिनमध्ये आणलेले कुत्र्याचे पिल्लू कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवले गेले आणि तेथेच मेले. ज्या सेवेचे पैसे घेतले जातात ती सेवाच धड नसेल, तर ग्राहक आडवाट शोधतो. कंपन्यांनी या आडवाटेबद्दल जितका आक्रोश केला, तितके लक्ष आपल्या सामानघराकडे दिले असते तर बरे झाले असते.

पण मुख्य नुकसान कंपन्यांचे नव्हेच. खोटे नाणे खऱ्या नाण्याला व्यवहारातून हुसकावून लावते, असे ग्रेशॅमचा नियम सांगतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० मध्ये दाखवून दिले की, चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नसला, म्हणजे तो सगळ्याच मालाकडे संशयाने पाहू लागतो आणि प्रामाणिक विक्रेताच बुडतो. आधारप्राण्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. जाकीट घातलेला कुत्रा आसनाखाली भुंकताना पाहिलेला कर्मचारी पुढच्या वेळी खऱ्या अंध माणसाच्या शांत श्वानाकडेही त्याच नजरेने पाहतो. सहप्रवासी कुजबुजतात. त्याहून वाईट म्हणजे, न शिकविलेल्या कुत्र्याने सेवा-श्वानावर हल्ला केला तर भेदरलेला श्वान पुढे कामास निरुपयोगी होऊ शकतो. इतक्या वर्षांचे शिक्षण आणि एका माणसाचे स्वातंत्र्य एका क्षणात वाया जाते. सव्वाशे डॉलर वाचविणाऱ्याच्या हिशेबात हा खर्च कोठेच येत नाही.

अखेर काँग्रेसने २०१८ मध्ये वाहतूक खात्याला सेवा-प्राण्याची व्याख्या निश्चित करण्यास सांगितले. खात्याने मागविलेल्या सूचनांना पंधरा हजारांहून अधिक लोकांनी प्रतिसाद दिला आणि जानेवारी २०२१ पासून नवा नियम अमलात आला. विमानात सेवा-प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी काम शिकविलेला श्वान, एवढाच. केवळ आधाराचा प्राणी हा इतर पाळीव प्राण्यांसारखाच मानण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी ती तत्काळ वापरली.

या नियमातील एक सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती. पूर्वी मनोव्याधीसाठी शिकविलेल्या श्वानाच्या मालकाला उपचारकाचे पत्र आणि आगाऊ सूचना द्यावी लागे; अंधाला ती अट नव्हती. युद्धाच्या आघाताने ग्रासलेल्या माजी सैनिकाला दुःस्वप्नातून जागे करणारा किंवा घाबरण्याचा झटका येताच त्याला सावध करणारा श्वान हादेखील काम करणाराच श्वान आहे, हे आता मान्य झाले. मनाचे अपंगत्व शरीराच्या अपंगत्वाहून दुय्यम ठरविणारी रेघ पुसली गेली. शिक्षण दिलेला आणि न दिलेला प्राणी यांतील भेद शिल्लक राहिला, आणि तो राहावयास हवा होता. निव्वळ सहवासाचा उपयोग नसतो असे नाही. एकाकी वृद्धाला मांजरीने दिलेली सोबत कोणी तुच्छ लेखू नये. परंतु घरात मिळणारे समाधान आणि दीडशे अनोळखी माणसांबरोबर बंद नळीत बसण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या बाजूने पाहता मात्र नियमाचे ओझे भलत्याच खांद्यांवर गेले. पूर्वी ज्या अंध प्रवाशाला श्वानासह सरळ विमानात चढता येत होते, त्याला आता श्वानाचे आरोग्य, वर्तन आणि शिक्षण यांची हमी देणारा सरकारी नमुना भरून द्यावा लागतो. तो अठ्ठेचाळीस तास आधी मागण्याची कंपनीला मुभा आहे. प्रवास आठ तासांचा वा अधिक असेल, तर श्वान विमानात घाण करणार नाही, याबद्दलचा आणखी एक नमुना. हे नियम अमेरिकेला जाणाऱ्या व तेथून निघणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही लागू आहेत. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एखाद्या अंध मराठी गृहस्थाला श्वान घेऊन मुंबईला यायचे झाले, तर हे दोन्ही नमुने त्याच्या वाट्याला येतात. लबाडी दुसऱ्यांनी केली. कागद मात्र त्याने भरायचे.

शिवाय लबाडी संपली असेही नाही. नमुन्यावर खोटे लिहिणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण श्वानाला शिकविल्याची ग्वाही स्वतः प्रवाशानेच द्यायची असते. ‘आधारप्राण्या’ची पत्रे विकणाऱ्यांपैकी अनेकांनी पाटी बदलून ‘मनोव्याधीच्या सेवा-श्वाना’ची कागदपत्रे विकण्यास सुरुवात केली. वीसहून अधिक राज्यांनी खोटा सेवा-श्वान मिरविणे दंडनीय ठरविले आहे. परंतु ज्या दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात, त्याने गुन्हा सिद्ध करायचा तरी कसा?

म्हणून प्रवाशामागे लागण्यापेक्षा विक्रेत्यामागे लागणे अधिक शहाणपणाचे. २०२२ च्या आरंभी कॅलिफोर्नियात अमलात आलेल्या कायद्याने ती दिशा दाखविली आहे. आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देण्यापूर्वी उपचारकाचा त्या रुग्णाशी निदान तीस दिवसांचा संबंध असला पाहिजे, आणि आधाराचा म्हणून कुत्रा वा त्याचे जाकीट विकणाऱ्याने तो सेवा-श्वान नव्हे, असे लेखी सांगितले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. येथे पडताळणीचा खर्च, ज्याला पत्रातून नफा मिळतो त्याच्याकडे वळविला आहे. हा कायदा एका राज्यापुरता आहे, आणि पत्रे विकणारा दुसऱ्या राज्यात बसून धंदा करू शकतो. संघराज्याच्या पातळीवर अशी तरतूद करणे काँग्रेसच्या हाती आहे. तोवर नमुने भरण्याचे काम अंध प्रवाशाकडेच राहणार.