मेलबर्न शहराचे बोधचिन्ह (२००९)

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या नगर परिषदेने जुलै २००९ मध्ये नवे बोधचिन्ह स्वीकारले. रोमन लिपीतील ‘एम’ हे अक्षर त्रिकोणी पैलूंतून साकारणारे हे चिन्ह लँडॉर या संस्थेने तयार केले. त्यासाठी सुमारे २,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाल्याचे जाहीर होताच टीकेस प्रारंभ झाला.

टीकेचा रोख आकृतीपेक्षा खर्चावर अधिक होता. जागतिक आर्थिक मंदीच्या काळात एका अक्षरासाठी करदात्यांचा एवढा पैसा का, असा प्रश्न विचारला गेला. शिवाय हे काम लँडॉरच्या सिडनी कार्यालयात झाले होते. सिडनी व मेलबर्न यांच्यातील चढाओढ इतकी जुनी आहे की तिच्यामुळे देशाची राजधानी कॅनबेरा येथे नव्याने वसवावी लागली. त्यामुळे ही बाब मेलबर्नच्या रहिवाशांना विशेष खटकली.

परिषदेच्या निरनिराळ्या सेवा तोवर वेगवेगळी चिन्हे वापरीत होत्या. ती सर्व एका ओळखीखाली आणणे हा बदलाचा हेतू होता. ‘एम’ची बाह्यरेषा कायम ठेवून आतील रंग व नक्षी प्रसंगानुसार बदलता येते. चिन्हाचा हा मुख्य गुण केवळ अनावरणाच्या चित्रावरून लक्षात येणे कठीण होते. पुढील काळात संकल्पन-क्षेत्रात नगर-ओळखीचे यशस्वी उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होऊ लागला. मात्र या यशामुळे मूळ आक्षेप निकाली निघत नाही: तो सार्वजनिक पैसा कोणाला विचारून खर्च करावा, याविषयी होता.