टेन्शन घेऊ नका, म्हणे!

दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतात, "आजोबा, टेन्शन घेऊ नका." जणू आम्ही ते पिशवी घेऊन बाजारातून आणतो! आमच्या जिवाला लागलेला घोर वयाचा नाही. तो हातात पडणाऱ्या पैशांचा आहे, राहत्या जागेचा आहे. हे ठणकावून सांगायला आम्ही म्हातारे-म्हाताऱ्या आज एकत्र येत आहोत. काही गिरणगावच्या चाळीत उरलेले, काही कोकणात नि घाटावर परतलेले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्यातले बरेच जण तिशीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे कुणी वॉचमन झालं, कुणी भाजी विकली, कुणी गाव गाठलं. घोर तेव्हापासून मागे आहे; आता गुडघेही गेलेत.

तिसऱ्या मजल्यावरची आमची एक बहीण संध्याकाळी सहानंतर पाण्याचा घोट घेत नाही. संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री दिवा नाही, एकदा ती पडलीय. त्यात चाळ पाडणार म्हणतात. पाडली तर नवं घर होईपर्यंत दुसरीकडे राहायला भाडं मिळेल का, आणि नव्या घरात जायला आपण असू का, हा हिशेब ती रोज पहाटे करते.

गावची हवा चांगली, असं शहरातली माणसं सांगतात. बँक मात्र तालुक्याला. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, मान्य. पण ती आली तर! बँकेत मशीनवर अंगठा उमटत नाही. रेषा कामात झिजल्या. "उद्या या."

आणि मिळतं काय? पीएफवाल्या ईपीएस ९५ योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नकोत. मुलगा मुंबईत पार्सलं पोचवतो, म्हणून आम्ही श्रीमंत! बीपीची गोळी अर्धी करून खाणारे श्रीमंत.

मुलं बघत नाहीत, असं म्हणून कुणी सुटू नये. २००७ च्या कायद्याने त्यांच्याकडे पोटगी मागता येते, ठाऊक आहे. पण कंत्राटावर राबणाऱ्या पोराला खेचून काय हाती लागणार?

हास्यक्लब आम्हालाही आवडतो. आधी पेन्शनला महागाई भत्ता जोडा. २१,००० ची अट काढून टाका. पैसे आणि हयातीचा दाखला वाडीवर, चाळीत, घरी येऊन द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात महिनाभर पुरतील एवढ्या ठेवा. चाळ पाडण्याआधी भाड्याचे पैसे खात्यात जमा करा. आणि ती पडेपर्यंत संडासात दिवा लावा. याला तर मंत्रालयात जायचीही गरज नाही.

पेन्शनच्या रांगेत आमचा माणूस या मागण्यांचा कागद घेऊन उभा असेल. त्यावर सही करा. शाईचा अंगठाही चालेल.