हर्णैची संध्याकाळ
दापोलीजवळच्या हर्णै बंदरात दिवस कलू लागला की होड्या परततात. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या आणि वाळूवर पुकारला जाणारा लिलाव. मुलांना घेऊन आम्ही हे पाहत बसतो, तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. अनेक माशांचा तो अंडी घालण्याचा काळ. कोळी आणि दालदी घरांची कमाई तेव्हा थांबते. त्यांनी एवढी झळ सोसायची आणि आपण स्वस्त मिळाले म्हणून बोटभर पापलेट घरी आणायचे, हे बरे दिसते का? भगिनींनो, पिल्लू मासळी घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर बारीक आसाचे जाळे कोण टाकेल?