रंगाआधी सफाई

मृगातला तेजोमेघ टिपून आलेला नवखा हौशी लगेच रंग खुलवायला बसतो, आणि तिथेच गाडं अडतं.

सेन्सरसमोरचा धुळीचा कण फोटोत करड्या वर्तुळासारखा उमटतो. तो घालवते फ्लॅट फ्रेम. फोकस जराही न हलवता दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणायचं आणि पहाटेच्या उजळत्या आभाळाचे फोटो घ्यायचे. कंटाळा नडतो तो इथेच. कॅमेरा एकदा काढला की ती धूळ जागची हलते.

सेन्सरचा स्वतःचा नॉइज घालवणाऱ्या डार्क फ्रेम झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या, त्याच थंडीत घ्याव्यात. घरातल्या उबेत घेतलेल्या जुळत नाहीत.

असे १६ साफ फोटो एकावर एक रचले, की सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ४ पट सुधारतं. हे काम करणारी सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. महागडा कॅमेरा घेण्याआधी वाचकांनी ती जरूर शिकून घ्यावीत.