टेकाडावरचा तास

वाचकहो, मास्तराने आपली फजिती दिवाळीच्या फराळाबरोबर वाढू नये, असा संकेत आहे. यंदा मी तो मोडणार आहे.

महाडला कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. पोरे येतात ती बिरवाडी, पोलादपूर आणि त्याच्याही वरच्या वाड्यांवरून. सकाळची एस. टी. चुकली की पहिला तास बुडालाच. माझी पद्धत जुनी. तासभर मी बोलायचे, साठ जणांनी ऐकायचे. अशाने माझे इंग्रजी फार सुधारले. पोरांचे काय झाले, ते मी कधी विचारले नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने कॉलेजला कुलूप घातले आणि पुढे वर्ग मोबाइलवर भरू लागला. पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक मुलगी रोज हजर, पण कॅमेरा सदा बंद. वर्गातही तिने वर्षभरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता. एक दिवस मी सर्वांदेखत म्हणालो, "काय ग, झोपलीस काय?" उत्तर आले नाही.

रात्री तिने आपला आवाज भरून पाठविला. तीन मिनिटे, सगळी इंग्रजीत! घरात रेंज नाही, म्हणून ती टेकाडावर येऊन बसते. कॅमेरा लावला की दिवसाचा डेटा संपतो. फोन भावाचा; त्याला रात्रपाळी असेल तेव्हाच तो दिवसा हिच्या हाती येतो. मागे वारा घोंघावत होता, गुरांच्या घंटा वाजत होत्या. काळ चुकले होते, 'ही' आणि 'शी'ची गफलत होती. पण अर्थावाचून एकही वाक्य नव्हते. मी मुकाट्याने कान पकडले.

"इतके येते, तर वर्गात का बोलली नाहीस?" मी विचारले.

"सर, हे मी सहा वेळा बोलून पाहिले. वर्गात दुसऱ्यांदा बोलता येत नाही. पहिल्यालाच हसतात."

पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, सावित्री महाडात शिरली. तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. वीज गेली, फोन मुके झाले. तिचा आवाज माझ्यापाशी होता. ती कुठे आहे, कळेना. आठवड्याने निरोप आला, "सर, वुई आर सेफ." मोबाइलवरचे कॉलेज टॉवरइतकेच पक्के, हे त्या दिवसांत कळले.

कॉलेज उघडल्यावर मी सगळे उलटे केले. धडा घरी, बोलणे वर्गात. दहा मिनिटांचे पाठ नुसत्या आवाजात भरून पाठवितो. चित्र नसल्याने ते एस. टी. स्टँडवर उभ्या उभ्या उतरवून घेता येतात. प्रत्येकाने दोन मिनिटे बोलून पाठवायचे, मी दोनच चुका सांगायच्या. मग वर्गात जोडीजोडीने बोलायचे. कारण समोरचा मध्येच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर सहा वेळा पुसून देता येत नाही. मोठ्या गावात याला 'ब्लेंडेड लर्निंग' म्हणतात. आम्ही मिसळ म्हणतो.

सरकारचे 'स्वयम्' २०१७ पासून आहे. शिकायला पैसे पडत नाहीत. सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. उत्तम! पण नुसत्या ठरावाने काय होते, हे महाडकरांना कोणी सांगायला नको. चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चालत जाऊन ते पाणी प्यावे लागले. रेंज न मिळणे आणि पाणी नाकारणे एक नव्हे, हे मी जाणतो. पण कागदावरून ओंजळीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे माणसालाच चालावे लागते.

म्हणून मागणे एवढेच, की प्रत्येक तालुक्याच्या गावी वायफाय असलेली एक खोली शेवटच्या एस. टी.पर्यंत उघडी ठेवा.

ती मुलगी बी. ए. झाली. टेकाड तिथेच आहे. आता तिथे तिची धाकटी बहीण बसते.